झेरॉक्सचे जनक : चेस्टर कार्लसन



परीक्षा जवळ आली की आपली पावले झेरॉक्सच्या दुकानाकडे वळतात. हे यंत्र ज्यांच्यामुळे मिळाले, त्या चेस्टर कार्लसन यांची ओळख आम्ही आज करून देत आहोत.

त्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १९०६ रोजी अमेरिकेतील सिएटल येथे झाला. वडील सतत आजारी असत. त्यामुळे शाळेत असतानाच घराचा भार चेस्टरवर पडला. ते सतरा वर्षांचे असताना आई क्षयरोगाने वारली. तरीही काम करता करता त्यांनी १९३० मध्ये भौतिकशास्त्राची पदवी मिळवली.

पुढे न्यूयॉर्कला एका कंपनीच्या पेटंट विभागात त्यांना नोकरी लागली. तेथे कागदपत्रांच्या प्रती नेहमीच कमी पडत. रात्री ते कायद्याचा अभ्यास करीत. पुस्तके विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत. त्यात संधिवाताचा त्रास! प्रत काढण्याचा सोपा उपाय शोधलाच पाहिजे, असे त्यांनी ठरवले.

त्या काळी थोड्या प्रतींसाठी जिलेटिनच्या थाळीचा उपयोग करीत. खास शाईने लिहिलेला कागद थाळीवर दाबला की अक्षरे जिलेटिनमध्ये उतरत. मग त्यावर कोरे कागद दाबून प्रती काढत. पण प्रत्येक प्रत आधीच्या प्रतीपेक्षा फिकट येई. शिवाय छापील पानाची प्रत अशी निघत नसे.

कार्लसन यांनी शाई सोडून विजेचा मार्ग धरला. २२ ऑक्टोबर १९३८ रोजी अॅस्टोरिया भागातील भाड्याच्या खोलीत त्यांनी सहकारी ओटो कोर्नी यांच्यासह प्रयोग केला. गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून विद्युतभारित केला. काचेवर तारीख व ठिकाण लिहून ती काच पत्र्यावर ठेवली आणि वर प्रखर दिवा धरला. नंतर पत्र्यावर भुकटी टाकून फुंकर मारली, तेव्हा अक्षरे तेवढी उरली. ती मेणकागदावर घेतली. कागद तापवताच मेण मऊ होऊन भुकटी पक्की चिकटली. झाली पहिली कोरडी प्रत!

पण कौतुक कोण करणार? वीसपेक्षा जास्त कंपन्यांनी त्यांना नकार दिला. शेवटी १९४४ मध्ये बॅटेल ही संशोधन संस्था आणि १९४७ मध्ये हॅलॉईड ही छोटी कंपनी पुढे आली. दरम्यान १९५२ मध्ये कोडॅकने जिलेटिनच्या थराचे व्हेरिफॅक्स यंत्र आणले, पण त्याच्या प्रती ओलसर निघत. १९५९ मध्ये ‘झेरॉक्स ९१४’ हे यंत्र आले आणि कार्यालयांचे रूपच पालटले. पहिल्या प्रतीपासून येथवर एकवीस वर्षे लागली.

पुढे अमाप धन मिळाले. त्यातील सुमारे दहा कोटी डॉलर त्यांनी दान केले, तेही बहुधा नाव न सांगता. १९ सप्टेंबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रहो, हाताने उतरवताना मजकूर डोक्यातही उतरतो. यंत्र फक्त कागदावर उतरवते. झेरॉक्स जरूर काढा, पण ती वाचायचे काम आपलेच आहे, हे विसरू नका.