पाणचक्कीवाल्याची लेक
(द्वितीय वर्ष, कला)

इतिहासाच्या सरांनी युरोपातील एखाद्या तीर्थक्षेत्राची माहिती काढून आणायला सांगितली होती. ग्रंथालयात मला फ्रान्समधील लूर्द गावच्या संत दहावे पायस यांच्या बॅसिलिकेचे चित्र सापडले. बॅसिलिका म्हणजे पोपने विशेष मान दिलेले चर्च. पण चित्रात ना शिखर, ना घुमट. दिसत होते ते नुसते गवत! हे चर्च जमिनीखाली आहे. सुमारे २०० मीटर लांब, ८० मीटर रुंद, अंड्याच्या आकाराचे. आत २५ हजार माणसे मावतात आणि मध्ये एकही खांब नाही. एवढी माणसे तिथे कशासाठी येतात, हे शोधू लागले तेव्हा अक्षरओळखही नसलेली चौदा वर्षांची एक मुलगी मला भेटली.

बर्नाडेट सुबिरूचा जन्म ७ जानेवारी १८४४ रोजी लूर्दला झाला. वडील फ्रान्स्वा पाणचक्कीवर दळण दळीत. पुढे धंदा बसला आणि चक्की हातची गेली. १८५५ साली गावात पटकी आली. त्या दुखण्यातून बर्नाडेट वाचली, पण दमा जन्माचा सोबती झाला. १८५७ साली सहा माणसांचे हे कुटुंब पूर्वी तुरुंग असलेल्या एका अंधाऱ्या खोलीत राहू लागले. त्याच वर्षी पीठ चोरल्याच्या संशयावरून वडिलांना काही दिवस कोठडीतही काढावे लागले. बर्नाडेट दुसऱ्यांची मेंढरे राखीत असे. तिला फ्रेंच येत नव्हते, येत होती ती फक्त गावची बोली. धर्मशिक्षणाच्या वर्गात ती लहान मुलांमध्ये बसे.

११ फेब्रुवारी १८५८ रोजी ती बहीण आणि मैत्रिणीबरोबर सरपण गोळा करायला नदीकाठी गेली. तेथील गुहेत आपल्याला एक शुभ्रवस्त्रा स्त्री दिसली, असे तिने सांगितले. १६ जुलैपर्यंत असे अठरा वेळा घडले. २५ फेब्रुवारीला तिने गुहेतली माती हातांनी उकरली, तेव्हा लोक तिला वेडी म्हणाले. त्याच जागी पाण्याचा झरा वाहू लागला आणि तो आजही वाहतो आहे.

पोलीस अधिकाऱ्याने तिला बोलावून जबानी लिहून घेतली. मग ती वाचून दाखवताना त्याने मधूनमधून मजकूर बदलला. पोरगी गोंधळावी, हाच त्यात हेतू होता. पण बर्नाडेटने प्रत्येक ठिकाणी त्याला थांबवले आणि आपण तसे बोललो नव्हतो, हे शांतपणे सांगितले. श्रद्धेचा भाग क्षणभर बाजूला ठेवला, तरी या प्रसंगापाशी मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले.

१८६२ साली बिशपांनी तिचे म्हणणे मान्य केले. गुहेवरच्या खडकावर चर्चचे काम सुरू झाले. त्याच्या तळघरातील प्रार्थनामंदिरासाठी जे मजूर राबले, त्यांत तिचे वडीलही होते. मे १८६६ मध्ये ते खुले झाले, त्या वेळी बर्नाडेट हजर होती. एव्हाना ती जोगिणींच्या शाळेत लिहा-वाचायला शिकली होती. त्याच वर्षी जुलैत ती नव्हेर येथील मठात गेली आणि पुन्हा कधीच लूर्दला आली नाही. १८७६ साली वरच्या बॅसिलिकेचे अभिषेचन झाले, तेव्हा ती तिथे नव्हती. तिने मठात रुग्णांची सेवा केली आणि १६ एप्रिल १८७९ रोजी, वयाच्या ३५ व्या वर्षी, तिचे निधन झाले. १९३३ साली तिला संतपद मिळाले.

घटनेला शंभर वर्षे होत आली तेव्हा यात्रेकरूंना जागा पुरेना. वर आणखी इमारत उभारली असती तर मोकळे पटांगण झाकले गेले असते. म्हणून वास्तुशिल्पी पिएर व्हागो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीखाली जाण्याचे ठरवले. अभियंते युजेन फ्रेसिने यांनी काँक्रीटमध्ये पोलादी तारा ताणून बसवल्या. त्यामुळेच एवढे छत खांबांवाचून तोलले गेले. आत जायला पायऱ्यांऐवजी उतार आहेत, म्हणजे आजाऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या थेट आत नेता येतात. २५ मार्च १९५८ रोजी कार्डिनल रोंकाली यांनी तिचे अभिषेचन केले. तेच त्या वर्षी तेविसावे जॉन या नावाने पोप झाले.

आता थोडे माझ्याविषयी. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. प्रवेशअर्जावर आईने अंगठा उठवला, तेव्हा मागे रांगेत कोणीतरी हसले आणि मी मान फिरवून उभी राहिले, जणू ती माझी कोणी नव्हेच. आई शेतावर रोजाने जाते. शनिवारी मुकादम वहीतून हजेरी वाचतो, तेव्हा खाडा कोणाचा आणि भरला दिवस कोणाचा, हे आई त्याला तिथल्या तिथे सांगते. वही तिला वाचता येत नाही. पण वहीतली चूक तिला कळते. हे मी लहानपणापासून पाहत आले होते, पण त्याची किंमत मला कळली ती बर्नाडेटमुळे.

हा लेख छापून आला की तो मी आईला वाचून दाखवणार आहे. कुठे चुकले असेन, तर ती मला थांबवीलच.