अजिंठ्याची लहान प्रत

बजाजनगरात कोणाकडे पाहुणे आले की दोन सहली ठरलेल्या. वेरूळ अर्ध्या दिवसात उरकते; अजिंठ्यासाठी मात्र पहाटे निघावे लागते. वाळूजहून शहर ओलांडून फुलंब्री, सिल्लोड मागे टाकत जाणारा रस्ता अजिंठा गावातून घाटात उतरतो. लेणी पाहण्याच्या घाईत बहुतेक गाड्या या गावात थांबतच नाहीत. मेजर रॉबर्ट गिल नावाच्या इंग्रज चित्रकाराची अनेक वर्षे याच गावात गेली.

गिल यांची आठवण होण्याचे निमित्त अगदीच वेगळे होते. संगणकावर खेळ तयार करण्याच्या नादात असलेल्या भाच्याने एका लेण्याचे दालन उभे केले आणि त्याच्या भिंतीवर अजिंठ्याचे एक चित्र चढवले. जवळून ते उत्तम दिसे. पण खेळणारा मागे सरकला की दागिन्यांचे मणी लुकलुकू लागत, वस्त्रांचे पट्टे वळवळत. कारण सोपे आहे. दूरची भिंत पडद्यावर बोटभर जागा व्यापते. तेवढ्या जागेत हजारो ठिपक्यांतले थोडेच मावतात, आणि संगणक हाती लागेल तो ठिपका उचलतो. पुढच्या क्षणी दुसराच.

यावर उपाय म्हणजे मिपमॅप. लॅन्स विल्यम्स या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९८३ मध्ये तो मांडला. ‘मिप’ ही तीन अक्षरे ‘थोडक्यात पुष्कळ’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दांची आद्याक्षरे आहेत. मूळ चित्र १०२४ ठिपके रुंद आणि तेवढेच उंच असेल, तर शेजारच्या चार-चार ठिपक्यांची सरासरी काढून ५१२ ची प्रत करायची. तिच्यावरून २५६ ची, आणि असे करत अखेर एका ठिपक्यापर्यंत जायचे. भिंत जितकी दूर, तितकी लहान प्रत वापरायची. या सगळ्या लहान प्रती मिळून मूळ चित्राच्या जेमतेम एक तृतीयांश जागा घेतात. सौदा स्वस्त आहे, पण एकतर्फी. मोठ्यावरून लहान करता येते. लहानावरून मोठे नाही. चार ठिपके एकदा एकात मिसळले की त्यांतला तांबडा कुठला आणि काळा कुठला, हे कोणी सांगू शकत नाही.

गिल यांच्या आयुष्याची शोकांतिका नेमकी याच जागी आहे.

१८०४ मध्ये जन्मलेले गिल ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास लष्करात अधिकारी होते. जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेस १८१९ मध्ये अजिंठ्याची लेणी पडली, तेव्हापासून तिथे पाहुण्यांची ये-जा सुरू झाली होती. कोणी भिंतींवर नावे कोरत, कोणी रंगलेल्या गिलाव्याचा तुकडा खिशात घालून नेत. वास्तुकलेचे अभ्यासक जेम्स फर्ग्युसन यांनी १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे या लेण्यांचे महत्त्व मांडले. चित्रे नाहीशी होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असा आग्रह सोसायटीने कंपनीकडे धरला, आणि १८४४ मध्ये हे काम गिल यांच्याकडे आले.

काम भिंतीच्या मापाचे होते. लहान रेखाटने करून भागणार नव्हते. चित्र जेवढे, तेवढेच कापड आणि त्यावर तैलरंग. लेण्यांत प्रकाश अपुरा, गिलावा जागोजाग सुटलेला, रंगांवर काजळीचे थर. सोबतीला वाघूर नदीच्या दरीतले आग्यामोहोळ, ताप आणि जंगली श्वापदे. गिल स्वतः पट्टीचे शिकारी होते. त्यांनी मारलेल्या वाघांचे जे आकडे सांगितले जातात, ते शिकारकथांच्या रिवाजाप्रमाणेच ऐकावेत. मात्र चिकाटीचा पुरावा पक्का आहे. १८४० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांची चित्रे लंडनला पोहोचू लागली.

आपल्याकडे गिल ओळखीचे आहेत ते पारोमुळे. ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावरून नितीन चंद्रकांत देसाई यांनी २०१२ मध्ये काढलेला चित्रपट यांनी ती कथा घराघरांत नेली. काव्य आणि दंतकथा बाजूला ठेवली, तरी अजिंठा गावातली कबर उरते. तिच्यावरची तारीख २३ मे १८५६ ही आहे.

त्याच सुमारास गिल कॅमेऱ्याकडे वळले. दोन भिंगांच्या कॅमेऱ्याने शेजारी-शेजारी दोन छायाचित्रे घ्यायची आणि ती खास दुर्बिणीसारख्या उपकरणातून पाहिली की दृश्याला खोली येते, असे ते तंत्र. अजिंठा, वेरूळ, लोणारची मंदिरे असे कितीतरी त्यांनी टिपले. फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांच्या छायाचित्रांची दोन पुस्तके १८६४ मध्ये लंडनला निघाली. भिंतीएवढे कापड रंगवणारा माणूस आता तळहातात मावणारी चित्रे करीत होता! परंतु त्या काळच्या काचेला तांबडा रंग जवळजवळ दिसतच नसे. तो काळाच उमटे. गेरूने रंगलेल्या अजिंठ्याला कॅमेरा तेव्हा न्याय देऊ शकत नव्हता. स्तंभ, कमानी, मूर्ती यांत तो उत्तम होता; रंगांसाठी भिस्त कापडांवरच होती.

ती कापडे लंडनजवळ सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या काचमहालाच्या एका भागाला आग लागली आणि वीस-पंचवीस चित्रे जळाली. हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच वाचली.

मागे काय उरले? मिसेस स्पीअर यांचे ‘लाइफ इन एन्शंट इंडिया’ हे पुस्तक १८५६ मध्ये प्रसिद्ध झाले होते. त्यात गिल यांच्या काही प्रतींवरून केलेली लहान लाकूडठसा-चित्रे होती; जॉर्ज शार्फ यांनी ती रेखाटली होती. पुस्तकाच्या पानाला शोभावीत म्हणून केलेली ही चित्रे एका रात्रीत दस्तऐवज झाली. शार्फ यांनी सरासरी काढली नव्हती. डोळा, बोटांची मुद्रा, मुकुटाची कड यांना रेषा दिली आणि बाकीचे सोडून दिले. संगणकाच्या आंधळ्या सरासरीपेक्षा जाणकार हाताने केलेली ही निवड मला केव्हाही बरी वाटते. तरीही त्या ठशांत रंग नाही, आणि भिंतीचे माप त्यांतून परत काढता येत नाही. मूळ भिंतींकडे जावे, तर मधल्या काळात तिथलेही काही गळून पडले होते.

बासष्टीच्या गिल यांनी पुन्हा लेण्यांची वाट धरली आणि शेवटपर्यंत ती सोडली नाही. त्यांच्या हयातीतच, १८७२ मध्ये, मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयाचे जॉन ग्रिफिथ्स आपले विद्यार्थी घेऊन तिथे आले. पेस्तनजी बोमनजींसारखा पुढे नावारूपाला आलेला चित्रकार त्यांच्यात होता. या मंडळींनी नव्याने केलेल्या प्रतींपैकीही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयातील आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांनी १८९६-९७ मध्ये दोन मोठे ग्रंथ छापले, म्हणून बराच ऐवज हाती राहिला.

ती दुसरी आग पाहायला गिल नव्हते. एप्रिल १८७९ मध्ये आजारी अवस्थेत भुसावळकडे नेत असताना वाटेतच त्यांचा मृत्यू झाला. भुसावळच्या जुन्या युरोपियन दफनभूमीत त्यांची कबर आहे. वाचलेल्या कापडांपैकी काही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.

भाच्याच्या खेळातली भिंत आता दुरून लुकलुकत नाही. जवळ गेले की मात्र चित्र धूसर होते, कारण त्याने ते एका पुस्तकाच्या पानावरून घेतले होते. पुढच्या वेळी अजिंठा गावात गाडी थांबवायची, असे आमचे ठरले आहे.