अलेक्झांडर फ्लेमिंग

सर अलेक्झांडर फ्लेमिंग (६ ऑगस्ट १८८१ – ११ मार्च १९५५) हे स्कॉटिश वैद्य व सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. पेनिसिलिनचे संशोधक म्हणून ते सर्वपरिचित आहेत. या औषधाला जीवाणू दाद देईनासे होतील, असा इशाराही त्यांनी दिला होता. त्याची आठवण मात्र तुलनेने कमी ठेवली जाते.

जीवन

स्कॉटलंडमधील डार्व्हेलजवळ एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. लंडनमध्ये जहाज कंपनीत काही वर्षे कारकुनी केल्यानंतर काकांकडून मिळालेल्या वारशामुळे त्यांना सेंट मेरीज रुग्णालयाच्या वैद्यकीय विद्यालयात शिकता आले. १९०६ पासून ते तेथेच अल्मरॉथ राइट यांच्या विभागात काम करू लागले.

युद्धकाळातील संशोधन

पहिल्या महायुद्धात फ्लेमिंग फ्रान्समधील बुलोन येथील लष्करी रुग्णालयात होते. काचेच्या नळीला टोकदार फाटे काढून त्यांनी कृत्रिम जखम तयार केली. ती जंतुनाशकाने धुतली, तरी फाट्यांतील जीवाणू जिवंत राहत. शिवाय जंतुनाशकांमुळे शरीराचे रक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशीच आधी नष्ट होत. स्ट्रेप्टोकोकसचा संसर्ग अनेक सैनिकांना रणांगणावर नव्हे, तर रुग्णालयात दाखल झाल्यावर होतो, असेही त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यास आढळले.

पेनिसिलिन

१९२८ च्या सप्टेंबरमध्ये सुटीवरून परतल्यावर त्यांना स्टॅफिलोकोकसच्या एका संवर्धन बशीत बुरशी वाढलेली दिसली. बुरशीभोवतीचे जीवाणू नष्ट झाले होते. बुरशीतील द्रव्यास त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. परंतु ते शुद्ध स्वरूपात वेगळे करणे त्यांना साधले नाही. ते काम ऑक्सफर्ड येथे हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. लोकप्रसिद्धीचा मोठा वाटा मात्र फ्लेमिंग यांच्याकडे गेला. १९४५ चे नोबेल पारितोषिक फ्लेमिंग, फ्लोरी व चेन या तिघांना विभागून मिळाले.

प्रतिरोधाचा इशारा

पेनिसिलिन निष्क्रिय करणारे विकर काही जीवाणूंमध्ये असते, हे चेन व एडवर्ड एब्रहॅम यांनी १९४० मध्येच नोंदवले होते. डिसेंबर १९४५ च्या नोबेल व्याख्यानात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक रुग्ण उभा केला. घसा दुखतो म्हणून तो स्वतःच पेनिसिलिन विकत घेतो, अपुरे घेतो आणि त्यातून तगलेले जीवाणू पत्नीला देतो. तिच्या न्यूमोनियावर मग औषध चालत नाही व ती दगावते.

त्यांचा रोख घरगुती गैरवापरावर होता. प्रत्यक्षात संकट प्रथम वाढले ते रुग्णालयांच्या कक्षांत, आणि तेही काहीशा निराळ्या मार्गाने. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात मेरी बार्बर यांनी तपासलेल्या स्टॅफिलोकोकस संसर्गांपैकी १९४६ मध्ये १४ टक्के पेनिसिलिनरोधी होते. १९४८ मध्ये हे प्रमाण ५९ टक्क्यांवर गेले. औषधाने संवेदनशील जीवाणू मारले जात. वर सांगितलेले विकर असणारे मुळातलेच प्रतिरोधी प्रकार उरत आणि एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे पसरत. ब्रिटनमध्ये १९४७ च्या कायद्याने पेनिसिलिनच्या विक्रीवर निर्बंध आले, परंतु कक्षांतला हा प्रसार त्याने थांबण्यासारखा नव्हता.

मृत्यू व नंतर

हृदयविकाराने लंडन येथे फ्लेमिंग यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये आहेत. भारतात पेनिसिलिनच्या उत्पादनासाठी पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना त्यांच्या निधनाच्या आदल्या वर्षी, १९५४ मध्ये झाली होती. पेनिसिलिनरोधी स्टॅफिलोकोकसवर उपाय म्हणून पुढे मेथिसिलिन आले. त्यालाही न जुमानणारे जीवाणू ब्रिटनमध्ये १९६१ साली नोंदवले गेले.