अ‍ॅडा: एका चिन्हाचे अनेक अर्थ ओळखणारी

कॉम्प्युटर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चष्मा लावलेला एखादा तरुण येतो. पण मैत्रिणींनो, कॉम्प्युटर जन्मायच्या शंभर वर्षं आधी त्याला काम कसं सांगायचं, हे कागदावर मांडणारी एक बाई होती. तीन मुलांची आई, तब्येतीने नाजूक आणि गणिताने झपाटलेली. तिचं नाव अ‍ॅडा लव्हलेस.

१० डिसेंबर १८१५ रोजी ती लंडनमध्ये जन्मली. वडील म्हणजे प्रसिद्ध कवी लॉर्ड बायरन. लेक महिन्याची असतानाच आई तिला घेऊन माहेरी गेली. बायरन यांनी पुढे देश सोडला, ते लेकीला परत कधी भेटलेच नाहीत. बापाचा लहरी स्वभाव पोरीत उतरू नये, म्हणून आईने तिला लहानपणापासून गणिताला लावलं. तेराव्या वर्षी गोवर झाला, त्यात पाय गेले. कितीतरी महिने अंथरुणात, मग कुबड्या. अभ्यास मात्र सुटला नाही. पुढे तिला गणित शिकवणारे ऑगस्टस डी मॉर्गन तर आपल्या मदुराईत जन्मलेले!

१८३३ मध्ये चार्ल्स बॅबेज या गणितज्ञाशी तिची ओळख झाली. १८३५ मध्ये लग्न, मग चार वर्षांत तीन मुलं. बॅबेज तेव्हा एका प्रचंड गणकयंत्राचा आराखडा करत होते. त्यावर मेनाब्रिया या इटालियन इंजिनिअरने फ्रेंचमध्ये लेख लिहिला. अ‍ॅडाने तो इंग्रजीत आणला आणि सोबत स्वतःच्या टिपा जोडल्या. त्या टिपा मूळ लेखाच्या तिप्पट भरल्या! १८४३ मध्ये त्या छापून आल्या, पण खाली नाव नाही, फक्त आद्याक्षरं.

त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. गणितात एकच चिन्ह दोन वेगळ्या अर्थांनी येतं आणि घोटाळा होतो, हे तिने लिहून ठेवलं. पाचाच्या डोक्यावर छोटा दोन काढला, की तो नुसता दोन राहत नाही, वर्ग करा असा हुकूम होतो. माणूस हे संदर्भाने ओळखतो. यंत्राने कसं ओळखायचं?

हाच प्रश्न माझ्या भाचीच्या कामात रोज येतो. ती नाशिकला गंगापूर रोडवर घरी बसून सॉफ्टवेअर कंपनीचं काम करते. प्रोग्राम चुकला की ती डिबगर लावते. म्हणजे चालता प्रोग्राम मध्येच थांबवून आत डोकावून बघायचं साधन. जीडीबी नावाचा असा एक डिबगर फुकट मिळतो आणि त्याची आतली रचना कुणीही बघू शकतं, सुधारू शकतं. त्याला ज्या भाषा समजतात, त्यातली एक आहे अ‍ॅडा!

अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ही भाषा करवून घेतली. १९८० मध्ये, अ‍ॅडाच्या वाढदिवशीच, ती मंजूर झाली आणि तिच्या मानकाला क्रमांक दिला १८१५. बोइंग ७७७ विमानातलं बरंचसं सॉफ्टवेअर याच भाषेतलं. ओझरच्या कारखान्यामुळे आपल्याला विमानं परकी नाहीत, तिथे चूक झाली तर काय होईल हे सांगायला नको.

या भाषेत एकच नाव अनेक कामांना देता येतं. आपल्या वाड्यात कुणी वहिनी अशी हाक मारली की तिघी वळून बघतात. हाक कोणी मारली, कशासाठी मारली, यावरून कोणती वहिनी ते कळतं. डिबगरलाही असाच मागचापुढचा संदर्भ बघून अर्थ लावावा लागतो. पूर्वी जीडीबीत पूर्ण वाक्य एका सलग रांगेत ठेवून त्यातच फेरफार करत हा अर्थ लावला जाई. २०२१ मध्ये प्रोग्रामरांनी ते सगळं उसवून नव्याने शिवलं. आता वाक्याचा प्रत्येक तुकडा आपापला अर्थ लावतो. ब्लाउज बाहेरून तोच, आतली शिवण मात्र नीट झाली.

अ‍ॅडाला हे बघायला मिळालं नाही. बॅबेजचं ते यंत्र पूर्ण झालंच नाही. शर्यतीच्या नादात तिने दागिने गहाण टाकले. गर्भाशयाच्या कॅन्सरने २७ नोव्हेंबर १८५२ रोजी ती गेली, अवघ्या ३६ व्या वर्षी. तिच्याच इच्छेने तिला वडिलांशेजारी पुरलं.

ते काम खरं बॅबेजचंच, असं म्हणणारे आजही आहेत. पण टिपांसाठी बॅबेज यांनी करून दिलेल्या गणितातली मोठी चूक अ‍ॅडाने पकडून परत पाठवली होती, हे खुद्द बॅबेज यांनीच आत्मचरित्रात नोंदवलंय. तिच्या छापील तक्त्यातही एका जागी भागाकार उलटा पडलाय, तो पुढच्यांनी शोधला. चूक शोधणं हे कमी दर्जाचं काम नाही, बरं का! ज्याला सगळं नीट समजलंय, त्यालाच ते जमतं. घरातली लेक वहीतली चूक दाखवायला लागली, तर तिला आगाऊ म्हणू नका. जरा जवळ बसून ऐका.