अडीचशे सोडून पन्नासावर आलेला पालीचा मास्तर

जून महिना उजाडला की आमच्याकडे वस्तीतले पालक मुलांचे निकाल घेऊन येतात. कोणत्या शाखेला घातले तर नोकरी लागेल, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो आणि बहुधा शेवटचाही. एकदा आम्ही एका हुशार मुलीला पाली विषय घेण्याचे सुचविले. तिच्या वडिलांनी आमच्याकडे असे पाहिले की जणू आम्ही पोरीचे वाईटच चिंतले. त्यांना दोष देण्याचा आम्हाला अधिकार नाही. आज्याने गावकी केली, बापाने गिरणीत रक्त आटवले, तेव्हा कुठे पगाराची चिठ्ठी या घरात आली. ती चिठ्ठी सोडा, असे सांगणारा शहाणा स्वतः पेन्शन घेत असतो! त्यात केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ साली मुख्य परीक्षेच्या वैकल्पिक विषयांतून पाली काढून टाकली. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने पालीला अभिजात भाषेचा दर्जा दिला खरा, पण दर्जाने चूल पेटत नाही, हे त्या बापाला आमच्यापेक्षा चांगले कळते.

तरीही पालीसाठी भरल्या पगाराची नोकरी सोडणारा एक माणूस या महाराष्ट्रात होऊन गेला. त्याची आठवण आज करावीशी वाटते.

धर्मानंद कोसंबी यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ येथे झाला. घर गौड सारस्वत ब्राह्मणाचे, शाळा जेमतेम. ऐन तारुण्यात ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकात बुद्धाविषयी वाचनात आले आणि त्या माणसाला दुसरे काही सुचेना. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, बोधगया असे फिरत ते तेव्हाच्या सिलोनला पोहोचले. काशीला संस्कृत शिकताना अन्नछत्रात जेवले, प्रवासात उपाशी पायपीट केली. सिलोनच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांपाशी ते पाली शिकले आणि १९०२ साली श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशही पाहिला.

हे सर्व वाचताना आमच्या मनात बाळाबाई येतात. लग्न झालेले, पदरात तान्ही मुलगी, आणि नवरा सात वर्षे बेपत्ता. चरित्रकार या सात वर्षांना ज्ञानसाधना म्हणतात. बाळाबाईंच्या बाजूने कोणी ती वर्षे मोजली असती तर शब्द वेगळा आला असता. कोसंबींबद्दल आदर बाळगूनही हे आम्हाला नोंदवावेसे वाटते.

१९०६ मध्ये ते कलकत्त्यास परतले. तेथील नॅशनल कॉलेजात आणि मग विद्यापीठात त्यांना पाली शिकविण्याचे काम मिळाले. ज्याच्याजवळ इंग्रजी शिक्षणाची एकही पदवी नव्हती, तो माणूस केवळ विद्येच्या बळावर विद्यापीठात उभा राहिला. घरची माणसे पुन्हा भेटली, १९०७ मध्ये मुलगा झाला. हाच मुलगा पुढे दामोदर कोसंबी म्हणून इतिहासकार आणि गणिती झाला. आता स्थिर व्हायला हरकत नव्हती. पण कोसंबींना एकच टोचणी होती. बुद्धाचा धम्म आपल्या मराठी मुलखात कोणाला ठाऊक नाही. तेथे पाली शिकविणारा कोणी नाही आणि शिकू इच्छिणाराही नाही.

१९०८ मध्ये त्यांची भेट बडोद्याच्या सयाजीराव महाराजांशी झाली. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात राहा, बडोद्यासाठी वर्षाकाठी एखादा ग्रंथ लिहा, तीन वर्षे दरमहा ५० रुपये मिळतील, असे महाराजांनी कळविले. इकडे कलकत्ता विद्यापीठ त्यांना थांबविण्यासाठी दरमहा २५० रुपये द्यायला तयार होते. कोसंबींनी ५० घेतले आणि पुण्याची वाट धरली. मुंबई विद्यापीठात त्या वेळी पाली हा विषयच नव्हता. म्हणजे जेथे शिकवायचे तेथे वर्ग नाही, बाक नाही, विद्यार्थी नाही, अशा ठिकाणी हा मास्तर पाचव्या हिश्श्याच्या पैशावर येऊन बसला.

आमच्या वाचकांना येथे आणखी एक गोष्ट आठवेल. त्याच सुमारास मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती कृष्णराव केळुस्करांनी आपले बुद्धचरित्र दिले होते. आणि ज्या सयाजीरावांनी कोसंबींना पन्नास रुपये दिले, त्यांच्याच शिष्यवृत्तीवर १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले. या दोन गोष्टी कोणी जुळवून आणल्या नव्हत्या.

बडोद्यात दिलेल्या व्याख्यानांतून ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे मराठी पुस्तक झाले. मध्ये ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी त्यांना अमेरिकेत हार्वर्डला बोलावणे आले. १९१२ मध्ये परतले तोवर रा. गो. भांडारकरांच्या खटपटीने मुंबई विद्यापीठात पालीला प्रवेश मिळाला होता. १९१२ ते १९१८ कोसंबी फर्ग्युसन कॉलेजात पालीचे प्राध्यापक होते. चिं. वै. राजवाडे, पु. वि. बापट आणि ना. के. भागवत हे त्यांचे विद्यार्थी. या मंडळींनी पाली ग्रंथांची संपादने आणि भाषांतरे केली. आज मराठी माणूस पाली वाचतो त्याची सुरुवात त्या एका वर्गात आहे.

कोसंबी आपल्या चळवळीचे नव्हते. ते गांधींच्या मागे गेले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. पण येवल्याच्या घोषणेनंतर दीड-दोन वर्षांत त्यांनी मुंबईत परळच्या कामगारवस्तीत ‘बहुजनविहार’ उभारला आणि काही काळ तेथे राहिले, हे विसरता येत नाही. त्यांच्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले ही कथा बाजूला ठेवली आहे. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचे भांडण तेथे कारण म्हणून पुढे येते. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ ज्यांनी वाचला त्यांना रोहिणीचे नाव सांगावे लागणार नाही. बाबासाहेबांनी तो प्रसंग आपल्या पद्धतीने, संघातील मतदान आणि शिक्षेसह, उभा केला. पाण्याचा तंटा महाडच्या माणसाला जसा कळेल तसा आणखी कोणाला कळणार? त्यांनी स्वतः पालीचे व्याकरण आणि शब्दकोशही तयार केला. तो त्यांच्या समग्र लेखनाच्या सोळाव्या खंडात आहे.

४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून कोसंबींनी देह ठेवला. नागपूरची दीक्षा अजून नऊ वर्षे दूर होती. त्यांनी ज्यासाठी चार वेळा अमेरिका गाठली तो ‘विसुद्धिमग्ग’ १९५० मध्ये हार्वर्डहून छापून आला, तोही त्यांनी पाहिला नाही.

ती मुलगी बी.कॉम.ला गेली. आता एका पतपेढीत आहे. रविवारी सकाळी विहारात पालीचा वर्ग भरतो, त्याला ती येते. गेल्या महिन्यापासून गुरुजींना वेळ नसला की लहान मुलांना तीच शिकवते, असे तिच्या वडिलांनीच आम्हाला सांगितले.