तारण नसलेला मुलगा

सदतीस वर्षे बँकेत नोकरी केली. एवढ्या काळात कर्जाच्या अर्जांवर किती शेरे मारले असतील, त्याची गणती नाही. बहुतेक विसरलो. एक मात्र अजून पाठ आहे. तारण अपुरे असल्याने शिफारस करता येत नाही, एवढाच तो शेरा. साल 1988. पुणे-सातारा रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे, एका गावातल्या शाखेत मी तेव्हा होतो. अर्जदार रेडिएटरचा मिस्त्री होता. रस्त्याच्या कडेला कडुनिंबाखाली बसून तो ट्रकचे गळके रेडिएटर झाळून द्यायचा. त्याला पत्र्याची शेड आणि थोडी हत्यारे हवी होती. जमीन नाही, घर नाही, जामीन राहायला कोणी नाही. लहानपणीच आईबाप गेलेले. हाताला मात्र अशी जाण होती, की घाटात गरम होऊन उभ्या राहिलेल्या गाड्यांचे ड्रायव्हर त्याचेच नाव घेत. पण हाताची जाण लिहायला आमच्या अर्जात रकाना नव्हता.

हे आठवायला निमित्त झाले ते कादंबरीचे. ट्रकवाल्यांच्या आयुष्यावर लिहायचे म्हणून गेल्या वर्षी मी काही दिवस हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात जाऊन बसत होतो. तिथे खाणीवरचा एक टिपर आला होता. त्याचा रेडिएटर बदलायचा होता. टिपरला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. मिस्त्रीने मला दाखवले, की अशा गाडीत इंजिनाच्या पाण्याबरोबर गिअरबॉक्सचे ऑइलही थंड व्हायला रेडिएटरकडेच येते. त्याच्या टाकीत ऑइलची वेगळी नळी असते. ती आतून फुटली, की पाणी आणि ऑइल एकमेकांत मिसळतात आणि लालसर ऑइल गुलाबी दुधासारखे दिसू लागते. या टिपरचे तेच झाले होते. आता नुसता रेडिएटर बदलून भागणार नव्हते. गिअरबॉक्स धुऊन काढायचा, कंपनीने सांगितले तेच ऑइल भरायचे, इंजिन चालू ठेवून ते तापू द्यायचे आणि मग पट्टीवर पातळी बघायची. थंड गाडीत बघितलेली पातळी फसवते, असे तो म्हणाला.

घरी आल्यावर मनात आले, की ही जाळी पहिल्यांदा कोणाला सुचली असेल? शोध घेत गेलो आणि विल्हेल्म मायबाख या माणसापाशी येऊन थांबलो. नाव ओळखीचे होते. पण अतिश्रीमंतांच्या मोटारीचे नाव म्हणून. माणूस मला ठाऊक नव्हता.

मायबाखचा जन्म 1846 चा, जर्मनीतल्या हाइलब्रोन गावचा. बाप सुतार. मुलगा आठ वर्षांचा असताना आई गेली, दहाव्या वर्षी बापही गेला. ओळखीच्या लोकांनी या पोरक्या मुलांसाठी वर्तमानपत्रात निवेदन दिले. ते वाचून रॉयटलिंगेन इथल्या गुस्टाफ वेर्नर नावाच्या धर्मोपदेशकाने विल्हेल्मला आपल्या आश्रमात घेतले. आश्रमाचे स्वतःचे यंत्रांचे कारखाने होते. मुलाचा हात चित्रकलेत चालतो, डोके यंत्रात चालते, हे वेर्नरने हेरले आणि त्याला आराखडे काढायच्या कामाला बसवले. संध्याकाळी गणित आणि रेखाटनाचे वर्ग. माझ्यासारखा अधिकारी तिथे असता, तर या मुलाच्या कागदावर काय लिहिले असते, ते मला चांगले ठाऊक आहे.

त्याच कारखान्यात 1860 च्या दशकात गॉटलीब डाइम्लर व्यवस्थापक म्हणून आला. बारा वर्षांनी मोठा, महत्त्वाकांक्षी, तापट. त्याला हा अबोल मुलगा आवडला आणि मग तो जिथे गेला, तिथे मायबाखला घेऊन गेला. आधी कार्ल्सरूअ, मग 1872 मध्ये डॉइत्स, ओटोच्या प्रसिद्ध इंजिन कारखान्यात. 1876 चे ओटोचे चार फेऱ्यांचे इंजिन कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल, असे करण्यात मायबाखचा मोठा हात होता. पुढे डाइम्लरचे मालकांशी बिनसले. 1882 मध्ये दोघे कानश्टाटला आले आणि डाइम्लरच्या बागेतल्या काचघरात त्यांनी गुपचूप काम सुरू केले. रात्रंदिवस आतून ठोकाठोकीचे आवाज येत. माळ्याला वाटले, हे खोट्या नोटा-नाणी पाडतात की काय! त्याने पोलिसांना कळवले. पोलिसांनी झडती घेतली, तर आत हत्यारे आणि इंजिने. आयुष्यभर रोकड मोजलेल्या माझ्यासारख्याला या गोष्टीचे हसू आले. खरे धन तिथेच तयार होत होते, ते पोलिसांच्या पंचनाम्यात येण्याजोगे नव्हते एवढेच.

त्या काचघरातून 1885 मध्ये इंजिनवर चालणारी दुचाकी बाहेर पडली. 1890 मध्ये भांडवलदार आले, कंपनी उभी राहिली आणि वर्षाच्या आत मायबाख तिच्याबाहेर होता, कारण त्याला देऊ केलेल्या अटी मानण्याजोग्या नव्हत्या. डाइम्लरने त्याला एका जुन्या हॉटेलाचे दालन घेऊन दिले. तिथे त्याने फिनिक्स इंजिन घडवले आणि पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्ब्युरेटर तयार केला. अखेर 1895 मध्ये कंपनीला दोघांनाही परत बोलवावे लागले. पुढच्याच वर्षी कंपनीने जो ट्रक बनवला, तो जगातला पहिला मोटार ट्रक मानतात. चार अश्वशक्ती, दीड टन ओझे. त्यात बसवलेले इंजिन हेच फिनिक्स.

आता अडचण उष्णतेची होती. इंधन जाळून मिळालेल्या उष्णतेचा मोठा भाग चाकांपर्यंत पोचतच नाही. तो बाहेर टाकला नाही, तर इंजिन स्वतःलाच जाळते. सुरुवातीच्या मोटारींत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावे लागे. मायबाखने 1897 मध्ये पाण्याच्या टाकीतून आरपार जाणाऱ्या बारीक नळ्या बसवल्या. नळ्यांतून वारा जाई, भोवती पाणी फिरे. मग 1900 मध्ये त्याने त्याच कल्पनेचे मधमाश्यांचे पोळे केले. सहा मिलिमीटर बाजूच्या चौकोनी नळ्या, एकूण 8,070. मधल्या फटींतून पाणी, मागे पंखा. आधी अठरा लिटर पाणी लागे, तिथे आता नऊ पुरले. युक्ती पाणी वाढवण्यात नव्हती. तेवढ्याच पाण्याला वारा भेटण्याची जागा वाढवण्यात होती.

ही मोटार मागवली होती नीस इथल्या एमिल येलिनेक नावाच्या व्यापाऱ्याने. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये नीसजवळच्या चढावरच्या शर्यतीत कंपनीचा एक चालक अपघातात दगावला होता. त्यामुळे गाडी बुटकी, हलकी आणि ताकदवान हवी होती. मायबाखने ती तशी दिली. 1901 च्या मार्चमध्ये नीसच्या शर्यतींत तिने बाकीच्यांना मागे टाकले. फ्रेंचांनी मायबाखला रचनाकारांचा राजा ठरवले. गाडीला नाव मात्र पडले येलिनेकच्या मुलीचे, मर्सिडीज. डाइम्लर ती पाहायला नव्हता. तो मार्च 1900 मध्येच वारला होता.

आधार गेल्यावर कंपनीने मायबाखला हळूहळू बाजूला सारले. 1907 मध्ये तो बाहेर पडला, साठी उलटल्यावर. पुढे मुलगा कार्ल याच्यासह त्याने काउंट झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिने बनवणारा उद्योग उभा केला. 1916 मध्ये श्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने या आश्रमात शिकलेल्या माणसाला डॉक्टरेट दिली. घराण्याचे नाव एखाद्या मोटारीवर लागायला 1921 साल उजाडले. तीही मुलाने बनवलेली. 29 डिसेंबर 1929 रोजी मायबाख गेला. कानश्टाटच्या स्मशानभूमीत तो डाइम्लरच्या कबरीजवळच विसावला आहे.

आमच्या लहानपणी घाटातून जाणाऱ्या टाटाच्या ट्रकांच्या नाकावर तीन टोकांचा तारा असे. 1954 पासून पंधरा वर्षे टाटा आणि डाइम्लर-बेंझ यांचा करार होता. त्या ताऱ्यामागची जाळी कोणाची, हे मला ठाऊक नव्हते. ते झाळणाऱ्या मिस्त्रीला तरी कुठे असणार? अर्ज नामंजूर झाल्यावर तो काही बोलला नाही. कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला नमस्कार करून गेला. वर्षभराने कडुनिंबाखाली कोणी नव्हते. नियमाने मी चुकलो नव्हतो, हे खरे. पण वेर्नरलाही कोणता नियम होता? त्याने मुलाचा हात पाहिला. मी सात-बारा मागितला.

टिपरचा नवा रेडिएटर बसवून झाला, तेव्हा मी गॅरेजात होतो. मिस्त्रीने पाणी भरले, इंजिन चालू केले आणि जाळीवर तळहात ठेवून तो उभा राहिला. ऊब वरून खालपर्यंत सारखी उतरते का, हे बघायचे होते. त्याने मलाही हात लावायला सांगितला. मी लावला. जाळी हळूहळू तापत होती.