सुरांची ठेव जपणारा राजा : सरफोजी

तमिळनाडूतील तंजावर या नगराशी महाराष्ट्राचे जुने नाते आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सतराव्या शतकात तेथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले. या घराण्यातील राजांनी तमिळ, तेलुगू व संस्कृत विद्येला आश्रय दिला आणि मराठीही जपली. त्यांतील सर्वांत विद्याव्यासंगी राजे म्हणून दुसरे सरफोजी ओळखले जातात.

सरफोजीराजांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७ रोजी झाला. तंजावरचे तुळजाराजे यांना वारस उरला नव्हता. म्हणून भोसले कुळातील या मुलाला त्यांनी इ.स. १७८७ मध्ये दत्तक घेतले. मृत्यू जवळ आल्याचे जाणून त्यांनी मुलाच्या पालनाची व शिक्षणाची जबाबदारी श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकावर सोपवली. तुळजाराजांच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले आणि बाल सरफोजींचे हाल सुरू झाले. त्यांना जवळजवळ कैदेत ठेवण्यात आले व त्यांच्या शिक्षणाची हेळसांड झाली. तेव्हा श्वार्ट्झ यांनी प्रयत्न करून त्यांना मद्रासला हलवले. तेथे गेरिके या दुसऱ्या धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. ते इंग्रजी शिकले, इतर युरोपीय भाषांचाही त्यांना परिचय झाला. आपल्या धर्माची व परंपरेची कास मात्र त्यांनी सोडली नाही.

याच काळात एका वेगळ्या संगीताशी त्यांचा संबंध आला. त्यांचे गुरू श्वार्ट्झ इ.स. १७५० मध्ये जर्मनीहून भारतात आले. त्याच वर्षी तिकडे बाख हा थोर संगीतकार मरण पावला. बाखच्या काळी हार्पसिकॉर्ड हे पट्ट्यांचे वाद्य घरोघरी व दरबारात वाजत असे. सरफोजीराजांच्या हयातीत त्याची जागा पियानोने घेतली आणि युरोपच्या संगीताला नवे, भावोत्कट वळण मिळाले. युरोपात हे स्थित्यंतर घडत असताना त्या संगीताचे पडसाद तंजावरच्या राजवाड्यातही उमटू लागले होते.

इ.स. १७९८ मध्ये सरफोजीराजे गादीवर बसले. परंतु पुढच्याच वर्षी झालेल्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांच्या हाती तंजावरचा किल्ला, वार्षिक नेमणूक आणि महसुलाचा पाचवा हिस्सा एवढेच राहिले. बावीस वर्षांच्या तरुणाला हा मोठाच आघात होता. नाममात्र राजेपण मिरवत ऐषारामात दिवस घालवणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी विद्येचा मार्ग निवडला.

सरस्वती महाल या राजघराण्याच्या ग्रंथालयाचा त्यांनी अपार विस्तार केला. इ.स. १८२० ते १८२२ या काळात मोठा लवाजमा घेऊन त्यांनी काशीयात्रा केली आणि परतताना असंख्य हस्तलिखिते आणली. त्यांनी देवनागरी टंकांचा छापखाना काढला, शाळा उघडल्या आणि धन्वंतरी महालात औषधांचे संशोधन करवले. नेत्ररुग्णांची टिपणे व डोळ्यांची चित्रे सरस्वती महालात आजही जतन केलेली आहेत.

संगीताकडेही त्यांनी अभ्यासकाच्या दृष्टीने पाहिले. त्या काळी ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. एडिसनचा फोनोग्राफ इ.स. १८७७ मध्ये, म्हणजे सरफोजीराजांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी आला. तोवर गाणे टिकवण्याचे दोनच उपाय होते : गुरूने शिष्याच्या कंठात उतरवणे किंवा कागदावर लिहिणे. आपल्याकडे पहिला उपाय रूढ होता. युरोपात पाच रेषांवर स्वर मांडण्याची पद्धत होती. त्या लेखनामुळेच बाखच्या रचना आजचे पियानोवादक वाजवू शकतात आणि त्यांची ध्वनिमुद्रणे आपण ऐकतो. सरफोजीराजांनी या लिखित संगीताचा संग्रह केला आणि दरबारात पाश्चात्त्य पद्धतीचा वाद्यवृंदही ठेवला. तंजावरचा बँड पुढे फार नावाजला गेला.

दरबारातील वराहप्पय्यर यांनी मद्रासमध्ये युरोपीय वादकांकडून पियानो व व्हायोलिन आत्मसात केल्याचे परंपरेने सांगितले जाते. दोन्ही वाद्ये दक्षिणेत आली, पण रुजले ते व्हायोलिनच. पियानोच्या प्रत्येक पट्टीचा स्वर ठरलेला असतो. कर्नाटक संगीताचा प्राण असलेली गमके, म्हणजे स्वरांची आंदोलने व घसरण, त्यावर काढता येत नाहीत. व्हायोलिनच्या तारेवर मात्र बोट हवे तसे सरकते. तंजावरच्या प्रसिद्ध चार बंधूंपैकी वडिवेलू या वाद्यात निपुण होते. त्रावणकोरचे राजे स्वाती तिरुनाळ यांनी इ.स. १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरवले. आज कर्नाटक संगीताची मैफल व्हायोलिनशिवाय क्वचितच होते.

परकीय संगीताच्या आवडीपायी राजांनी स्वतःच्या भाषेचा विसर पडू दिला नाही. त्यांच्या नावावर असलेल्या नृत्यरचनांची भाषा मराठी आहे. त्यांत जयजय, शरणु, अलारु, शब्द, वर्ण, पद, तिल्लाना अशा अठरा प्रकारांची एक माला एका कथेवर, एकाच रागात व एकाच तालात गुंफलेली आढळते. बाखच्या काळी युरोपातही एकाच मूळ स्वरावर आधारलेल्या निरनिराळ्या नृत्यांची माला रचली जात असे. दोन्हींचा उगम वेगळा असला, तरी रचनेतील हे साम्य लक्षात घेण्याजोगे आहे. सरफोजींच्या या रचना सरस्वती महालाने पुढे छापून प्रसिद्ध केल्या.

सरफोजीराजांच्या कारकिर्दीला दुसरी बाजूही आहे. इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाच्या स्मरणार्थ त्यांनी समुद्रकाठी मनोरा उभारला. ज्या सत्तेने राज्य घेतले तिचाच असा गौरव करावा लागणे, यातून त्यांच्या परिस्थितीची मर्यादा स्पष्ट होते. मात्र त्या मर्यादेतही कोणती गोष्ट जपायची, याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला.

७ मार्च १८३२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे इ.स. १८५५ मध्ये निपुत्रिक वारले आणि तंजावरचे राज्य कायमचे संपले. सरस्वती महाल मात्र टिकला. इ.स. १९१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. राजवाड्यापुरती मर्यादित असलेली ही ठेव आता सामान्य वाचकाच्याही मालकीची झाली आहे. हेच सरफोजीराजांचे खरे स्मारक होय.